मानेवर घालायचे थेंब

“पिसवांचं दिसतंय,” डॉक्टर म्हणाले आणि रुमालाने नाक पुसले.

टेबलावर भुरी अंग चोरून बसली होती. मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी तिला बारीक बारीक खपल्या धरल्या होत्या. पोटावरचे केस तिने चाटून चाटून पार उडवले होते, आतली गुलाबी कातडी उघडी पडली होती. डॉक्टरांनी बारीक दातांची फणी तिच्या पाठीवरून दोन-तीनदा फिरवली. फणीला काहीच लागले नाही.

“बघा, काही नाही,” भुरीला घेऊन आलेली बाई म्हणाली. “कालच आंघोळ घातलीय मी तिला. साबण लावून.”

“म्हणूनच काही नाही. पुरावा धुऊन आणलात तुम्ही.” डॉक्टर हसले. बाई हसली नाही.

मग डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितले. काही मांजरांना पिसवेची लाळ सोसत नाही. अंगावर पिसवांची जत्रा असायला हवी असे मुळीच नाही. एखादी चावली तरी अंगभर आग होते. आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, त्यामुळे बहुतेक वेळा पिसू सापडतच नाही, ती मांजराच्याच पोटात गेलेली असते. ही अॅलर्जी आहे, घाणेरडेपणा नव्हे. एवढे बोलून डॉक्टर सटासट शिंकले आणि ओशाळून म्हणाले, “आता माझंच बघा. मांजरांचा डॉक्टर, आणि मला मांजर सोसत नाही. त्यात मांजराचा काय दोष, आणि माझा तरी काय?”

त्यांनी तिच्या हातात औषधाची, तीन-चार महिने पुरेल अशी एक छोटी नळी दिली. महिन्यातून एकदा हे थेंब मानेवर, जिथे मांजराची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर घालायचे. अंथरूण-पांघरूण कडकडीत पाण्यात धुवायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, कोपरे झाडून काढायचे, कारण अंडी मांजराच्या अंगावर नसतात, घरात पडलेली असतात. खाज थांबायला त्यांनी एक सुईही टोचली.

“बाहेर जाते का ही?”

“नाही. घरातच असते.”

“मग कुणाच्या तरी कपड्यांवरून, चपलांवरून आल्या असतील. घरात बाहेर जाणारं कोण आहे?”

घरात बाहेर जाणारी ती एकटीच होती.

एका मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करून देणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती. कात्र्या, चिमटे, वाट्या, कापडे, सगळे तिच्या हाताखालून वाफेच्या यंत्रात जाई आणि पाकिटबंद होऊन बाहेर येई. दिसेल ते उकळायला टाकते म्हणून हाताखालच्या मुली तिला मागे ‘उकळीबाई’ म्हणत. तिला ते माहीत होते, आणि खरे सांगायचे तर त्याचे बरेच वाटे. दोन वर्षांपूर्वी एका नव्या मुलीच्या केसांत उवा सापडल्या, तेव्हा उकळीबाईने तिला सगळ्यांदेखत घरी पाठवले होते. ती मुलगी पुन्हा कामावर आलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत उकळीबाई दवाखान्याच्या मागच्या अंगणात बाकावर बसून डबा खाई. तिथे भटकी मांजरे पायांत घोटाळत. ती त्यांना कधी हाकलत नसे. डॉक्टरांकडून घरी जाताना तिला ती मांजरेच आठवत राहिली.

घरी तिची नणंद खिडकीशी वाट बघत बसली होती. नवरा गेल्यापासून त्या दोघीच राहत. मूलबाळ नव्हते. वन्संनी लग्न केले नव्हते. सारे आयुष्य टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेले. आता गुडघ्यांमुळे जिना उतरणे सुटले होते. भुरी त्यांची. एके दिवशी पत्र्यावरून खिडकीत आली आणि वन्संच्या मांडीवर अशी निजली, जणू माहेरीच आली. वहिनीने मांजर ठेवायला परवानगी दिली, ती अटी घालून: स्वयंपाकघरात यायचे नाही, तिच्या पलंगावर चढायचे नाही. वन्संनी त्या अटी मांजराला कशा शिकवल्या कोण जाणे, पण भुरीने त्या पाळल्या.

“काय म्हणाले?” वन्संनी विचारले.

“अॅलर्जी आहे म्हणाले.”

“अगं बाई. कशाची?”

इथे ‘पिसवांची’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो तिच्या जिभेवर येऊन मागे फिरला. “कशाचीही असू शकते,” ती म्हणाली. “खाण्याची, धुळीची, पावडरीची. बघावं लागेल.”

वन्संनी लगेच स्वतःच्या हातांकडे पाहिले. आंघोळीनंतर त्या गळ्याला, हातांना सुगंधी पावडर लावत. चैन म्हणावी अशी ती एकच. दुसऱ्या दिवसापासून डबा कपाटात गेला.

नळी वहिनीच्या पर्समध्ये होती. घालू उद्या, असे तिने दोनदा ठरवले. पण थेंब घालायचे म्हणजे वन्संच्या समोर घालायचे; मग हे कशाचे, का, सगळे आले. गाद्या गच्चीवर टाकायच्या म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या डोळ्यांदेखत टाकायच्या. आणि मुळात डॉक्टरांना एक तरी पिसू दिसली होती का? फणी तर कोरी निघाली होती. आपण रोज फरशी पुसतो ती दवाखान्यातल्या औषधाने. तिथे पिसू जगेल कशी? असे मनाशी घोळवत घोळवत तिला डॉक्टरांचे म्हणणे अगदीच खोटे वाटू लागले. त्यातच सुईचा गुण येऊन भुरीची खाज थांबली. मग तर प्रश्नच उरला नाही. एका दुपारी कामावर पर्स आवरताना ती नळी हाताला लागली, आणि तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. वर कापसाचा बोळाही टाकला, झाकण म्हणून.

सुईचा असर उतरला तशी खाज दुपटीने परतली. आता भुरी मान इतकी खाजवी की नखांना रक्त लागे. वहिनीने पुन्हा तिला आंघोळ घातली आणि टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेले.

“थेंब घातलेत ना?” डॉक्टरांनी फणी फिरवत विचारले. फणी पुन्हा कोरी.

“घातले.”

किती सहज आला तो शब्द. डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्या शब्दावर पुढचा सगळा डाव मांडला. पिसवांचा बंदोबस्त झाला आहे आणि तरी खाज आहे, म्हणजे कारण दुसरे. बहुधा खाणे. मांजराला मासा, अंडे, कोंबडी, दूध, कशाचीही अॅलर्जी असू शकते, आणि ती ओळखायला रक्त तपासून भागत नाही. एकच उपाय: दोन महिने हे एकच विशेष खाद्य, दुसरा कणही तोंडात जाता कामा नये. खाज थांबली तर मग जुने पदार्थ एकेक करून परत देऊन बघायचे. “घरात लाडानं कुणी ताटातलं देत असेल तर त्यांना सांगा,” डॉक्टर म्हणाले. “एका घासानं सगळं वाया जातं.”

ताटातले कोण देत होते हे तिला चांगले माहीत होते. वन्संच्या सकाळच्या अंड्यातला पिवळा बलक रोज भुरीचा असे. बोटावर घेऊन त्या चाटवत, आणि भुरी बोटही चाटून पुसून स्वच्छ करी.

वहिनीने जे सांगायचे ते सांगितले. वन्संनी बोट पदराला पुसले. मग म्हणाल्या, “म्हणजे मीच रोज विष घालत होते म्हण.”

“विष कसलं, वन्सं. तुम्हाला काय ठाऊक.”

“तरी पण.”

त्या दिवसापासून त्यांनी अंडे खाणेच सोडले. भुरीला हे कसे समजावे? सकाळी ती त्यांच्या ताटाशी येऊन बसे, पंजाने गुडघा ओढी, तोंडाकडे बघत राही. नवे खाद्य ती हुंगून सोडून देई. दोन-चार दिवस वन्संनी तोंड फिरवून जेवून पाहिले. मग जेवणाच्या वेळी खोलीचे दार लावून घेऊ लागल्या. पुढे पुढे दार दिवसभरच लावलेले असे. “मला बघवत नाही आणि तिला राहवत नाही,” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा नकोच ते.” कदाचित आपल्या कपड्यांत, केसांत, तेलात काही असेल असेही त्यांनी मनाने घेतले होते. भुरी दाराशी येऊन ओरडे, लाकडावर नखे ओढी. आतून काही आवाज येत नसे. नुसते खुर्चीचे कुरकुरणे ऐकू येई, त्यावरून वन्सं जाग्या आहेत हे कळे.

उकळीबाई कामावरून येई तेव्हा मांजर त्या बंद दाराशी मुटकुळे करून बसलेले असे. तिने त्याला विशेष खाद्य हाताने भरवायला सुरुवात केली. दुसरे कोण भरवणार? आधी भुरीने तिच्या हाताकडे परक्यासारखे पाहिले, मग भुकेपुढे हार मानली. हळूहळू तिची पावले जिन्यावर वाजली की भुरी दाराशी येऊ लागली. एक दिवस ती तिच्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसली. अट होती; पण अट आठवून देणारे आता कुणी नव्हते. उकळीबाईने तिला हाकलले नाही.

खरे सांगून टाकावे असे या दिवसांत तिच्या मनात आले नाही असे नाही. रोज येई. पण पहिल्या दिवशी सांगितले असते तर ती नुसती पिसवांची गोष्ट होती. आता सांगायचे म्हणजे पावडरीचे, अंड्याचे, त्या बंद दाराचे सगळेच सांगायचे. खोटे एकदा घरात घेतले की त्याला बसायला पाट द्यावा लागतो, जेवायला वाढावे लागते. ती फरशी मात्र जास्तच घासून पुसू लागली. भुरीच्या पंजांची कातडी सोलवटली, तेव्हा तिने तेही अॅलर्जीच्याच खात्यात टाकले.

दोन महिने संपत आले. भुरीच्या मानेवर आता उघडी जखम होती. वन्संनी एका सकाळी दार उघडले, बाहेर जाण्याचे कपडे घातलेले होते.

“मी येते आज डॉक्टरांकडं,” त्या म्हणाल्या.

“जिना कसा उतराल?”

“बसून बसून उतरेन.”

आंघोळ घालून नेऊ या, असे वहिनीने सुचवले, तर वन्संनी पहिल्यांदाच ठाम नकार दिला. जखमेवर साबण झोंबेल, त्या म्हणाल्या, डॉक्टरांना काय मांजर कळत नाही का. मग त्या खरोखरच एकेक पायरी बसत, कठड्याला धरत खाली उतरल्या. टोपली वहिनीच्या हातात होती. तळमजल्यावर पोचल्यावर वन्संच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी बाहेरचा वारा लागल्याचा, थोडासा आनंदही होता.

डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर त्यांनी आधी आपले म्हणणे मांडले. ते त्यांनी वाटेत घोकून ठेवलेले असावे. “डॉक्टर, मी पावडर सोडली, अंडं सोडलं, हिला जवळही घेत नाही. तरी ही बरी होत नाही. माझ्या अंगातलंच काही हिला सोसत नसेल तर स्पष्ट सांगा. मी चांगलं घर बघून तिला देऊन टाकते. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.”

डॉक्टर आश्चर्याने त्यांच्याकडे बघत राहिले. “माणसाचंही सोसत नाही असं होऊ शकतं,” ते म्हणाले, “पण इतक्या लवकर तिथवर जायला नको.” त्यांनी फणी घेतली. शेपटीच्या मुळाशी एकदाच फिरवली आणि थांबले. दातांत काळे बारीक कण अडकले होते, मिरपुडीसारखे. त्यांनी ओल्या कापसावर ते झटकले. जरा वेळाने कापसावर कणांभोवती तांबूस डाग पसरले.

“हे रक्त आहे. पिसवेनं प्यायलेलं आणि टाकलेलं,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे पिसवाच. पहिल्या दिवसापासून. पण थेंब घालताय ना तुम्ही? मी नळी दिली होती.”

टेबलापाशी उभ्या असलेल्या वहिनीने टोपलीची कडी घट्ट धरली. वन्संनी कापसाकडे पाहिले, मग वळून तिच्याकडे. त्या डोळ्यांत राग आला असता तर तिला सोपे गेले असते. वन्सं नुसत्या बघत होत्या. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई, कोणत्या तारेवर काय चालले आहे हे त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार?

“ते माझ्याकडं होतं, डॉक्टर,” वन्सं म्हणाल्या. “हिनं आणून दिलं होतं मला. घालायचं राहूनच गेलं. हल्ली लक्षात राहत नाही.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर वैताग स्पष्ट दिसला. बिचारे मांजर दोन महिने फुकट पथ्यावर राहिले, ते म्हणाले. आजी, विसरायला होतं तर दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं. ही बाई एवढी दवाखान्यात काम करणारी घरात असताना. वन्सं मान खाली घालून ऐकत होत्या. “हो, चुकलंच,” असे त्या दोनदा म्हणाल्या.

आणि वहिनी नुसती उभी राहिली. तोंड उघडायला जागा होती, वेळही होता. डॉक्टर खाद्याबद्दल बोलून झाले, जखमेच्या मलमाबद्दल बोलून झाले, सोलवटलेले पंजे बघून फरशी कशाने पुसता हे वन्संना विचारून झाले, फरशीला दवाखान्यातले औषध लावू नका, ते मांजराला बाधते, हेही सांगून झाले. नवी नळी त्यांनी या वेळीही मुद्दाम तिच्याच हातात दिली. “आता तुम्हीच लक्ष ठेवा,” ते म्हणाले. तिने “हो” म्हटले.

परतताना गाडीत टोपली दोघींच्या मधे होती. जिन्याच्या तळाशी वन्सं दम घ्यायला थांबल्या, तेव्हा तिने कसाबसा विषय काढला.

“वन्सं, ते डॉक्टरांना तुम्ही…”

“चढताना नको बोलूस,” वन्सं म्हणाल्या. “माझा श्वास पुरत नाही.”

वर पोचल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. विषय पुन्हा निघाला नाही. वहिनीने त्याच दुपारी भुरीला मांडीवर घेऊन मानेवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले आणि थेंब घातले. दोन श्वासांचेही काम नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने घर उलटेपालटे केले. चादरी उकळल्या, गाद्या गच्चीवर टाकल्या, कपाटे भिंतीपासून सरकवली. मास्तरीणबाई कपडे वाळत घालायला आल्या, गाद्या बघून म्हणाल्या, काय हो, एवढी स्वच्छता कशाला, तुमचं घर म्हणजे आधीच दवाखाना. यावर ती हसली. “ऊन देतेय जरा,” म्हणाली. गच्चीवरून खाली आल्यावर ती मोरीत उभी राहून कितीतरी वेळ हात धूत राहिली.

डॉक्टरांनी बजावले होते की घरातली पिसवांची अंडी फुटायची थांबेपर्यंत धीर धरा. तसेच झाले. आधी खाज कमी झाली, मग खपल्या गळाल्या, पोटावर करडी लव दिसू लागली. ती नळी संपली तेव्हा दुसरी आणायला वहिनी एकटीच गेली. डॉक्टर हातमोजे काढत होते, डोळे लाल, नाक गळत होते.

“ते पहिल्या वेळचे थेंब,” ती उभ्या उभ्याच म्हणाली, “माझ्याकडून राहिले होते. राहिले नव्हते, मी टाकून दिले होते. वन्संना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “त्यांना सांगितलंत?”

“त्यांना कळलंय.”

“कळलंय ते झालं. सांगितलंत का?”

तिने मान हलवली. डॉक्टरांनी नळी तिच्यापुढे ठेवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावले.

त्या संध्याकाळी ती वन्संच्या खोलीत गेली. दार आता दिवसभर उघडेच असे. पावडरीचा डबाही कपाटातून बाहेर आला होता. तिने जमिनीकडे बघत सगळे सांगितले, नळी कुठे टाकली तेही, वर कापूस कसा झाकला तेही. वन्संनी मधे एकदाही तोडले नाही.

“मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “आमच्या टेलिफोनच्या खोलीत खुर्च्यांत पिसवा असायच्या. आम्ही सगळ्याजणी खाजवत खाजवत बोलायचो. त्यात काय एवढं लाजायचं?”

“तसं नाही, वन्सं.”

“माहितेय,” वन्सं म्हणाल्या. “तसं नाही.”

ती उठून बाहेर गेली, पलंगाच्या पायथ्याशी झोपलेल्या भुरीला उचलले आणि आणून वन्संच्या मांडीवर ठेवले. वन्संचा हात आपोआप मांजराच्या पाठीवर गेला, नव्या केसांवरून एकदा फिरला. भुरीने तो हात हुंगला. घटकाभर बसली, कान टवकारून. मग अंग ताणले, मांडीवरून उतरली आणि दाराबाहेर जाऊन वहिनीची वाट बघत उभी राहिली.

वहिनी पुन्हा तिला उचलायला धावली.

“असू दे,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा हात अजून मांडीवर तसाच उपडा होता, थोडा वाकलेला, मांजराच्या पाठीएवढा. “ओढून आणू नकोस. भूक लागली असेल तिला. जा, खायला घाल.”